तुम्ही विचारलंत म्हणून: दार उभं केलं, मग भिंती का नाही?

गेल्या गणपतीत आमच्या मांगरात, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या शेतघरात, मी जे मांडलं होतं ते बघून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच विचारलंय, कोणी फोनवर, कोणी तोंडावर. मुंबईचे विचारतात 'यामागे कॉन्सेप्ट काय होती?', आणि वाडीतले सरळ विचारतात, "काय गो, ह्या काय मांडून ठेवलंस? चित्रां बरी काढी होतंस मां?" म्हणजे रिकाम्या जागेत एक दाराची चौकट, जमिनीवर पालथी घातलेली कौलं आणि वरून सुंभाने टांगलेले वासे, यात कला कुठली. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं देवगडकडचं घर चिऱ्याचं होतं, वर मंगलोरी कौलं. चार वर्षांपूर्वी ते पाडलं आणि तिथेच स्लॅबचं बांधलं. मी विरोध केला नाही हे आधीच सांगते, कारण माकडं उड्या मारून कौलं फोडतात, वाशांना वाळवी लागते, मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि पावसात गळायला लागलं की रात्री उठून टोपं-बादल्या लावायला आईच असते, बाकी आम्ही सगळे चाकरमानी. 'जुनं घर ठेवायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे काढावा.

पण झालं काय की दुसऱ्याच पावसात स्लॅबला ओल आली. सपाट छप्पर ही आधुनिक वास्तुकलेची लाडकी गोष्ट, ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात नव्या घराचे जे पाच मुद्दे मांडले त्यात छपरावरची बाग हा एक मुद्दाच होता, आणि ते चित्र खरंच सुंदर आहे, मी शिकताना त्याच्या प्रेमात होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे आता कोकणात कुठेही जा, स्लॅबच्या वर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची उतरती शेड घातलेली दिसेल, आमच्याही घरावर आहे. म्हणजे उतार परत आला. पण आढं परत आलं नाही, वासे, रिपा, कोने, छपराच्या लाकडी सांगाड्यातलं काहीच परत आलं नाही. त्या सगळ्याला मिळून आता एकच शब्द आहे, शेड. माझी भाची आठ वर्षांची आहे, तिला 'वासा' म्हणजे काय हे दाखवायला माझ्याकडे घरात एकही वासा नव्हता, आणि हे मला फार लागलं.

जोसेफ कोसुथ नावाच्या अमेरिकन कलाकाराचं १९६५ चं एक काम आहे. एक खरी खुर्ची, शेजारी त्याच खुर्चीचा फोटो, आणि शेजारी डिक्शनरीतला खुर्ची शब्दाचा अर्थ मोठा करून लावलेला. यातली खुर्ची कुठली, असं ते काम विचारतं. कॉलेजात असताना मला ते कोरडं वाटलं होतं. घर पाडल्यावर परत आठवलं, कारण आमच्याकडे वस्तू गेली होती, आतल्या खोल्यांचे फोटो कोणी कधी काढलेच नव्हते (फोटो काढायचे ते खळ्यात उभं राहून), आणि शब्द तेवढे आजीच्या तोंडात उरले होते.

मग मी आजीला बोलतं केलं, मोबाईलवर रेकॉर्ड करत गेले. खळा म्हणजे अंगण, लोटो म्हणजे ओसरी, वळय म्हणजे आतली खोली, पाटल्यादार म्हणजे मागचं दार, व्हाइन म्हणजे जमिनीतलं उखळ, रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची टोपली. ती एक शब्द उच्चारायची आणि त्याच्या मागून माणसं यायची, कोण कुठे बसायचं, कोणाचं बाळंतपण कुठल्या खोलीत झालं. आवाजाचं काय करायचं हे मला कोचीत कळलं होतं. २०१८ च्या बिनालेला, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाला, कोकण रेल्वेने एर्नाकुलमला गेले होते, तिथे शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलाकाराचं काम होतं, अंधाऱ्या खोलीत शंभर माइक टांगलेले, आणि ते माइक ऐकत नाहीत तर बोलतात. लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी, प्रत्येक माइकखाली सळईत खुपसलेला कागद, एक आवाज एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. सगळ्या भाषा मला कळत नव्हत्या तरी मी तिथून हलू शकले नाही. म्हणून आजीचा आवाज मी वाशांत लपवला, पाच छोटे स्पीकर, खूप हळू आवाजात, म्हणजे ऐकायला वाशाखाली जाऊनच उभं राहायला लागावं.

आता कौलांचं. मंगळूरला बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे बरेच कारखाने झाले आणि प्रत्येकाने आपलं नाव कौलावर उठवलं, ते आतल्या बाजूने दिसतं. लहानपणी दुपारी वळयीत आडवं पडून मी ती इंग्रजी अक्षरं जुळवायचे, काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप यायची तिच्या आजूबाजूची तेवढीच वाचता यायची. तीच बाजू वर करून अडीचशे कौलं मांडली होती, वाकून कोणीही वाचावीत.

आणि चौकट. तिची उंची जेमतेम पाच फूट. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने १९५८ मध्ये भारतातल्या डिझाइनवर एक अहवाल लिहिला, ज्यातून पुढे अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) उभी राहिली, त्यात ते आपल्या पाण्याच्या लोट्याबद्दल भरभरून लिहितात. हातात, कमरेवर, डोक्यावर तो कसा बसतो, भरलेला असताना तोल कुठे असतो, आणि तो कोणा एकाने नाही तर पिढ्यान् पिढ्या माणसांनी घडवलाय. मला ते वाचताना आमची चौकट दिसते. झड भिंतीला लागू नये म्हणून छपराची पाखं खाली आणायची, मग दारही ठेंगणं, मग माणसाने वाकायचं.

भिंती मी मुद्दाम केल्या नाहीत. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, सत्तरीच्या, चौकटीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती, सहज वळसा घालून जाता आलं असतं. त्या सरळ चौकटीपाशी गेल्या, पदर सावरला, उंबरठ्यावर पाय न देता पलीकडे टाकला आणि मान खाली घालून आत आल्या. आत कुठे? तिथे काहीच नव्हतं. पण त्या आत आल्या होत्या. डोळे वर करून आजीचा आवाज थोडा वेळ ऐकला आणि मग हवेत हात करून म्हणाल्या, "हंय लोटो. हयसून वळय. आणि व्हाइन तकडे, पाटल्यादाराक."

आई म्हणाली, "नाय वो, व्हाइन चुलीच्या बाजूक होती."

मग दोघी अर्धा तास त्यावर भांडत होत्या, कौलांमधून पाय टाकत, रिकाम्या जमिनीवर बोटं दाखवत, आणि भाची त्यांच्या मागे मागे खडूने रेघा मारत होती.