तुम्ही विचारलंत म्हणून: कागदी खेळात तीच तीच भविष्यं का येतात?

चार चोचींचा तो कागदी खेळ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बाहेर चार रंग, आत आकडे, आकड्यांच्या पाकळीखाली भविष्य. रंग निवडायचा, त्याच्या अक्षरांइतक्या वेळा खेळ उघडायचा, दिसलेल्या आकड्यांतला एक घेऊन तितक्या वेळा पुन्हा उघडायचा, आणि शेवटी समोरच्या आकड्यांतला एक निवडून त्याच्या पाकळीखालचं भविष्य वाचायचं. मुलांना तो करायला शिकवणारे पालक आणि शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: एवढ्या हौसेने भविष्यं लिहिली, पण खेळताना फिरून फिरून तीच येतात आणि मुलं कंटाळतात. घडी चुकली का?

घडी बहुतेक वेळा बरोबर असते. चुकतो तो आकड्यांचा क्रम.

खेळ बोटांत धरून सावकाश उघडून बघा. चोची एकदा उभ्या उघडतात, एकदा आडव्या. आत चार पाकळ्या आहेत, पण एका वेळी समोरासमोरच्या दोनच दिसतात. बाकीच्या दोन मिटलेल्या राहतात. पुढच्या मोजणीला त्या उघडतात आणि आधीच्या मिटतात. म्हणजे विषम वेळा उघडमीट केली की दुसरी जोडी समोर येते आणि सम वेळा केली की पहिलीच जोडी परत येते.

आता लहान मुलांसाठी सोपं म्हणून आपण काय करतो? प्रत्येक पाकळीवर एकच आकडा, गोल फिरत १, २, ३, ४. समोरासमोर आले १ आणि ३, तसेच २ आणि ४. रंगाची अक्षरं मोजून १ आणि ३ दिसले, तर मूल यातलाच एक निवडणार. दोन्ही विषम, म्हणून मोजून झाल्यावर समोर येणार २ आणि ४. सुरुवातीलाच २ आणि ४ दिसले, तर दोन्ही सम, म्हणून मोजूनही २ आणि ४ च समोर राहणार. रंग कुठलाही घ्या, शेवट तिथेच. १ आणि ३ च्या पाकळीखालचं भविष्य कुणालाच कधी वाचायला मिळत नाही.

उपाय अगदी छोटा आहे. समोरासमोरच्या पाकळ्यांवर एक सम आणि एक विषम आकडा यायला हवा. म्हणून गोल फिरत १, ३, २, ४ असं लिहा. आठ आकडे असतील तर प्रत्येक पाकळीवर दोन, आणि ते सरळ ओळीनेच लिहा: १-२, ३-४, ५-६, ७-८. मग एका जोडीत १, २, ५, ६ दिसतात, दुसरीत ३, ४, ७, ८, आणि दोन्हींत दोन सम, दोन विषम. मुलाने कुठला आकडा घेतला यावर शेवट खरोखर बदलतो. ‘सगळे सम एका जोडीत, सगळे विषम दुसरीत’ अशी टापटीप मात्र करू नका. आठातली चार भविष्यं कायमची बंद होतात.

रंगांचंही तसंच. हिरवा, पिवळा, गुलाबी, जांभळा हे चार दिसायला छान, पण सगळे तीन अक्षरी. सुरुवात दरवेळी एकाच जोडीने होणार. लाल आणि निळा दोन अक्षरी, हिरवा आणि पिवळा तीन अक्षरी, हा मेळ मला सगळ्यात आवडतो. मोजताना अक्षर म्हणजे पूर्ण अक्षर, काना-मात्रा वेगळे धरायचे नाहीत. ‘पांढरा’ तीनच, अनुस्वाराचं वेगळं उघडणं नाही. एक अक्षर म्हणजे एकदा उघडणं. काही मुलं उघडणं एक आणि मिटणं दोन असं मोजतात, काही दरवेळी एकाच दिशेने उघडतात. पहिल्यात सम-विषमचा मेळ बिघडतो, दुसऱ्यात खेळ एका जोडीवर अडकतो, म्हणून सुरुवातीला त्यांच्यासोबत ‘ला-ल’, ‘हि-र-वा’ असं मोठ्याने म्हणत उभं-आडवं करून घ्या.

घडी थोडक्यात. कागद नेहमीचा छपाईचा, ७० ते ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). कार्डशीट नको: घडी शेवटी चार पदरी होते आणि जाड कागद टोकांशी फाटतो. ए-फोर कागदाचं एक टोक तिरकं दुमडून समोरच्या कडेला लावा आणि खाली उरलेली ८.७ सेंटिमीटरची पट्टी कापून टाका. ती फेकू नका, भविष्यांचा कच्चा खर्डा तिच्यावर करता येतो. चौरस राहिला २१ सेंटिमीटरचा. दोन्ही कर्णांवर हलकी घडी घालून उघडा, म्हणजे मध्यबिंदू मिळतो. चारही टोकं मध्यावर आणा. कागद पालथा करा. पुन्हा चारही टोकं मध्यावर. आता तुमच्या हातात साडेदहा सेंटिमीटरचा चौरस आहे, एका बाजूला चार त्रिकोणी पाकळ्या, दुसरीकडे चार छोटे चौकोन. तसं दिसत नसेल तर मध्ये पालथा करायचं राहिलंय. बोटं घालायला खिसेच मिळणार नाहीत.

टोकं मध्याला अगदी चिकटवायची नाहीत, मिलिमीटरभर जागा सोडायची. मुलं उत्साहाने टोक मध्याच्या पलीकडे नेतात. मग एकावर एक चढलेली टोकं पुढच्या घडीत अडकतात, पाकळी नीट मिटत नाही आणि जोर केला की तिथेच फाटते.

लिहायचं ते सगळं आता, चौरस सपाट असताना. पाकळ्यांवर आकडे, पाकळ्या उघडून आत भविष्यं, पालथ्या बाजूला रंग. स्केचपेन शक्यतो टाळा. शाई पलीकडे उमटते आणि घामेजल्या बोटांना रंग लागतो. रंगीत पेन्सिली आणि बॉलपेन उत्तम. लिहून झालं की पाकळ्या आत राहतील अशी मधोमध घडी, नखाने पक्की करा, उघडा, मग दुसऱ्या दिशेने तशीच. ही शेवटची घडी सगळे घाईत उरकतात आणि मग खेळ एका दिशेला सहज उघडतो, दुसऱ्या दिशेला रुसतो. दोन्ही घड्या सारख्याच ताठ हव्यात. शेवटी चौकोनांखालच्या चार खिशांत दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची बोटं घालून चोची मध्याशी आणा.

पाच-सहा वर्षांच्या मुलांची बोटं एवढ्या मोठ्या खेळात ताणली जातात. त्यांच्यासाठी १५ सेंटिमीटरचा चौरस घ्या, खेळ साडेसात सेंटिमीटरचा होतो. भविष्याला जागा मात्र कमी उरते: आठ आकड्यांसाठी पाकळीखालच्या प्रत्येक त्रिकोणाची बाजू जेमतेम पावणेचार सेंटिमीटर. छोट्या खेळात म्हणूनच पाकळीला एकच आकडा आणि एकच भविष्य बरं.

वाक्यं मुलांनीच लिहावीत, आणि आजच्या आज पडताळता येतील अशी. ‘आज तुला कुणीतरी खूप हसवेल’, ‘तुझी हरवलेली वस्तू सापडेल’, ‘पाच वेळा लंगडी घाल’. ‘तू मोठेपणी श्रीमंत होशील’ ऐकून मूल पुढच्या रंगाकडे वळतं. हसवेल म्हटलं की ते दिवसभर वाट बघतं. नापास होणं, आजारपण, कुणाच्या लग्नावरून चिडवणं हे मी ठामपणे नको म्हणेन. लिहिणाऱ्याला गंमत वाटते, पण वाचणारं लहान मूल ते खरं धरून बसतं. वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा, नाहीतर अक्षरं त्रिकोणाच्या निमुळत्या टोकात कोंबली जातात.

खेळ सगळ्यात आधी फाटतो तो पाकळ्यांच्या आत, कागदाच्या मध्यबिंदूपाशी. सगळ्या घड्या तिथे एकमेकींना छेदतात. भविष्यं लिहून झाल्यावर तिथे चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून ठेवा. मोठा लावलात तर घडी फुगते. आणि भविष्यं पाठ झाली म्हणून नवा खेळ करायची गरज नाही. नवी वाक्यं छोट्या त्रिकोणी चिठ्ठ्यांवर लिहा आणि जुन्यांवर एका कडेला पुसटसा गोंद लावून चिकटवा. मधली घडी चिठ्ठीखाली येऊ देऊ नका, नाहीतर चोची मिटत नाहीत.