एक अनलॉक राहिलं होतं

देवगड, १२ जुलै, रात्री साडेअकरा

सापडला एकदाचा तो बग. तीन दिवस डोकं खाल्लं नुसतं.

जेटीजवळच्या बर्फ कारखान्यात तापमान नोंदवणारा डबा लावलाय, त्यात लिनक्स आहे, आणि फाईलसिस्टीम, म्हणजे कार्डावर फाईली कुठे-कशा ठेवायच्या ते बघणारा कोड, मी लिहिलेली. कार्ड भरलं की डबा हँग, मग तिथले दादा मेन स्विच बंद-चालू करणार, की मेमरीतल्या, कार्डावर न पोचलेल्या नोंदी गेल्याच. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, बोटी सुटायच्या आत हे नीट व्हायलाच हवं होतं.

प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, ‘डी’ स्टेटमध्ये, न उठवता येणाऱ्या झोपेत, जाऊन बसते, जबरदस्तीने मारायच्या किल मायनस ९ ला पण दाद देत नाही, १२० सेकंद झाले की लॉगमध्ये हंग टास्कची, म्हणजे काहीतरी अडकलंय अशी, ओरड. स्टॅक, म्हणजे कोडमध्ये कुठे अडकलंय ते, बघितलं तर फाईल डिलीट करणारी प्रोसेस बिटमॅपच्या (कार्डावरची कुठली जागा रिकामी त्याची नोंद) म्युटेक्सवर, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपावर, थांबलेली, म्हणून मी दोन दिवस डिलीटचाच कोड वाचत बसलो. चूक तिथे नव्हतीच. गणपती झाल्यावर काका माळ्याची किल्ली खिशात घालून मुंबईला गेले होते ना, तसं झालेलं.

फाईलला ब्लॉक, म्हणजे जागेचा तुकडा, देणारं फंक्शन म्युटेक्स घेतं, रिकामा बिट शोधतं, नाही मिळाला की एनोस्पेस, म्हणजे मायनस २८, थेट रिटर्न. अनलॉक चार ओळी खाली, तिथवर पोचतच नाही! लिहिणाऱ्याला ‘जागा नाही’ हा एरर बरोब्बर मिळतो, त्याचं काम सुरळीत संपतं, तिकडे संशयच जात नाही, आणि अडकतो तो मागून येणारा, जो नेमका जागा मोकळी करायला आलेला असतो. हे फार लागलं मनाला.

संध्याकाळी लाईट आल्यावर क्यूईएमयूमध्ये (कॉम्प्युटरच्या आतला खोटा कॉम्प्युटर) कार्डाच्या जागी २० एमबीची इमेज फाईल घेतली आणि कुलपांच्या चुका पकडणारं लॉकडेप चालू केलं. २००६ पासून कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, आहे ते, स्लो होतं म्हणून मी बंद ठेवलेलं, आता घरच्या मशीनवर कधीच बंद ठेवणार नाही. इमेज भरली त्याच क्षणी लॉगमध्ये वॉर्निंग: युजरस्पेसला, म्हणजे कर्नलमधून साध्या प्रोग्रॅमकडे, परत जाताना लॉक हातातच आहे, आणि खाली त्या म्युटेक्सचं नाव.

रिटर्नच्या जागी गोटू आऊट, म्हणजे फंक्शनच्या शेवटाकडे उडी, अनलॉक तिथे एकाच ठिकाणी. मग सगळे रिटर्न तपासले तर बिटमॅप वाचताना आयओ एरर आला, म्हणजे कार्ड वाचताच आलं नाही, तर तिथेही तेच, तेही बदललं.

आत्ता भरा-डिलीट-भरा असं लूपमध्ये शंभर वेळा लावलंय. बाहेर पाऊस धो धो, लाईट परत गेली, आई आतून म्हणते झोप आता, इन्व्हर्टर उतरेल. त्रेसष्टावा राऊंड चालूय, प्रॉम्प्ट दर वेळी परत येतोय.