बाटलीतला आणि माडावरचा

आयुष्यात मी एकदाच बँक लुटली. पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो आणि शेजारच्या खांबावर चढवलेल्या मनीप्लांटची एक फांदी सारखी माझ्या खांद्याला लागत होती. मनीप्लांट चोरून आणलेलाच लागतो, विकतचा किंवा मागून आणलेला लागत नाही, हे आपल्याकडे शाळेत न शिकवताही सगळ्यांना ठाऊक असतं. शिपाई चहा आणायला गेला होता. मी वीतभर फांदी मोडली, पासबुकात घातली आणि शहाजोगपणे रांगेत पुढे सरकलो. त्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर अजून हिरवट डाग आहे. शिल्लक मात्र होती तेवढीच राहिली.

डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत तो राहायला आला. तपकिरी बाटली ही माझी हुशारी नव्हे, घरात तेवढी एकच रिकामी होती. पुढे कळलं की ती हुशारीच होती. पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो, पाण्याला शेवाळ धरतं आणि मुळं बुळबुळीत होतात. पण त्याआधी मी एक मूर्खपणा करून घेतला होता. मोडलेल्या फांदीचं एक देखणं पान देठासकट खुडून मी वेगळ्या पेल्यात ठेवलं, दोन झाडं होतील म्हणून. ते पान दोन महिने तस्संच्या तस्सं हिरवंगार राहिलं. रोज बघायचो. कोंब नाही, काही नाही. शेवटी पिवळं पडून गळालं. मनीप्लांटचा जीव पेरात असतो. देठ जिथे वेलीला चिकटतो तिथे एक गाठ असते आणि त्या गाठीशी तपकिरी, बोथट असा मुळाचा फोड दिसतो. त्या फोडाच्या खाली बोटभर अंतर ठेवून कापलं की झालं. पेर नसेल तर नुसतं पान म्हणजे बिनगावाचा माणूस, दिसायला धडधाकट पण पुढे वंश नाही.

बाटलीतल्या संसारात कटकटी म्हणाल तर दोनच. पावसाळ्यात पालिकेची माणसं यायची, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रीजमागचा ट्रे बघून झाला की वाकून या बाटलीत बॅटरी मारायची. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, त्यामुळे मनीप्लांटची बाटली त्यांच्या यादीत वर. मग मी दर रविवारी पाणी बदलायला लागलो. दुसरी कटकट पिठ्या ढेकणाची. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी दिसलं की साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून घ्यायचं. बाकी हे झाड विसरलं तरी चालतं. उलट कुंडीत लावून रोज प्रेमाने पाणी घालणाऱ्यांकडेच ते कुजतं.

हवा शुद्ध करतं म्हणून माझ्या मेव्हण्याने मध्यंतरी अशा चार बाटल्या मांडल्या होत्या. त्या बोलण्याचं मूळ १९८९ सालच्या नासाच्या एका अभ्यासात आहे. तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली दोघा अभ्यासकांनी जुने प्रयोग पुन्हा तपासून हिशेब मांडला, की राहत्या घरात तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मेव्हण्याचं घर वन रूम किचन आहे.

तर अकरा वर्षं तो वेल खिडकीच्या गजांवरून फिरत राहिला. पानं कशी, तर विड्याच्या पानाएवढी. लोंबायला लागली की त्याहूनही लहान. वेल खाली लोंबू देऊ नये, पैसा खाली जातो, असं बायकोचं म्हणणं. मी हसायचो. पण वेलीपुरतं बोलायचं तर ती अर्धी बरोबर होती. खाली सोडलेल्या मनीप्लांटची पानं बारीक होत जातात, वर चढायला मिळालं की मोठी होतात. किती मोठी, हे मात्र डोंबिवलीत कळायचा प्रश्नच नव्हता.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याची तीन कांडकी ओल्या फडक्यात गुंडाळून मी ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस पकडली. कुडाळला उतरून पुढे वेंगुर्ल्याच्या वाटेवर आमचं गाव. काकीला भेट म्हणून झाड नेतोय हे सांगताना गाडीतल्या शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी दुर्लक्षिलं. कोकणात झाड नेणं म्हणजे कोल्हापुरात गूळ नेण्यातला प्रकार.

काकीच्या आगरातली एकही वेल फुकट बसून खात नाही. पोफळीवर मिरवेल चढलेली आहे, तिची मिरी उन्हात वाळून डब्यात जाते. विहिरीपाशी पानवेल आहे, ती तिच्या पानाच्या डब्यापुरती पुरते. पावसात मांडवावर पडवळ, दोडकी आणि गडग्यावरून तवशी. फुलं आहेत ती देवाची किंवा केसांतली. अशा घरात मी ओलं फडकं उलगडलं.

"ह्येका लागता काय?" काकीने विचारलं.

"काय नाय लागत."

"फुला?"

"फुला पण नाय."

"मगे करता काय ह्या?"

"शोभेक असता, काकी."

तिने एकदा खळ्याकडे बघितलं. जास्वंद, अबोली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाळत घातलेली कोकमाची सोलं, पलीकडे माड. मग माझ्याकडे बघितलं. "बरा," म्हणाली. आमच्या घरात या 'बरा'चे आठ-दहा अर्थ आहेत, हा त्यातला सगळ्यात वाईट. तीन कांडकी तिने न्हाणीघराच्या पाटाशी, जिथे आंघोळीचं पाणी माडाच्या आळ्यात जातं, तिथे चिखलात खुपसली. लावली म्हणवत नाही. खुपसली.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा वेल माडावर कमरेएवढी चढली होती. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर. आणि चौथ्या मे महिन्यात मी तिला ओळखलंच नाही. माडाला कुणीतरी हिरवा अंगरखा चढवल्यासारखं दिसत होतं. खालची पानं विड्याच्या पानाएवढीच, ती माझ्या ओळखीची. छातीच्या उंचीला ती परातीएवढी झाली आणि दहा-बारा फुटांवर एकेक पान कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, वर पिवळे फराटे, आणि कडेने विळीवर चिरल्यासारख्या चिरा. देठ माझ्या अंगठ्याएवढा. मुळं तर दोऱ्यासारखी माडाच्या सालीत घट्ट शिरलेली, नखाने उचकटायला गेलो तर सालीचा कपचा हातात आला.

म्हणजे अकरा वर्षं मी जे सांभाळत होतो ते पोर होतं. हे झाड बाटलीत म्हातारं होतं, पण मोठं होत नाही. चढायला खोड, वरचा उजेड आणि दमट हवा मिळाली की मगच त्याला आपलं खरं पान फुटतं. त्याचं मूळ गाव ताहितीजवळचं मोरेआ नावाचं बेट. ते ऐकून काकी म्हणाली, "म्हणजे दर्याकाठचाच तो." वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, खारी दमट हवा आणि न्हाणीघराचं पाणी, त्याला आणखी काय हवं असणार. बेटावरून जगभर गेलेलं हे झाड श्रीलंकेत आणि हवाईत रानात शिरून उपद्रवी ठरलंय, म्हणून छाटलेली कांडकी पाणंदीत टाकू नकोस एवढं मी काकीला बजावून सांगितलं. ती न्हाणीच्या चुलीत घालते.

छाटणीवरून आठवलं. माझी या झाडाबद्दलची सगळी विद्या मोबाईलवरची. ते अळवाच्या कुळातलं आहे, सुरण आणि अँथुरियमही त्याच घरातले, हे मी वाचून काकीला सांगायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिने एक देठ मोडला, हातावर चीक आला, क्षणभर थांबून मनगट खाजवलं आणि म्हणाली, "ह्यो अळवाचो भाव दिसता." मग आत जाऊन हातांवर सोलं चोळून आली, अळू चिरल्यावर चोळते तशी. मी मोबाईल खिशात घातला. अळवात असतात तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे खडे याच्याही पेशींत असतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर बाटली उंचावर ठेवावी, चावलं तर तोंड आणि जीभ भाजल्यासारखी होते.

फुलाची गोष्ट मात्र मी सांगितली आणि ती तिने नीट ऐकली. याला १८८० साली शास्त्रज्ञांनी पहिलं नाव दिलं, पोथोस ऑरियस. पुढे अळवाच्या कुळातली त्याची शाखा ठरेना, या शाखेतून त्या शाखेत असं दोन-तीनदा नाव बदललं. आताचं एपिप्रेम्नम ऑरियम हे नाव १९६४ सालचं. घोळ व्हायचं कारण एकच, वनस्पतीचं गोत्र बघतात ते फुलावरून आणि हे महाशय जवळजवळ फुलतच नाहीत. का फुलत नाहीत याचा उलगडा २०१६ साली झाला. फुलायचा निरोप देणारं जिबरेलिन नावाचं द्रव्य याच्या अंगात पुरेसं तयारच होत नाही. ते बाहेरून फवारलं तेव्हा त्याला फुलं आली.

"मगे येवढा पसारला कसा? बी नाय, फळ नाय."

"कांडकी तोडून तोडून. माझ्यासारख्यांनी चोरून."

"म्हणजे सगळी कलमाच."

"होय."

"आमच्या हापूससारखा," काकी म्हणाली. "बाठो लायलंस तर भलतोच निघता."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. हापूसचा बाठा पेरला तर हापूस येत नाही, म्हणून कोकणात आंब्याच्या झाडालाच कलम म्हणतात. एका झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर, तिथून तिसऱ्यावर, माणसांच्या हातून पिढ्यान् पिढ्या. मनीप्लांटला तर खुंटही लागत नाही. मी ज्या बँकेतून फांदी मोडली तिथे ती कुणीतरी कुठूनतरी मोडून आणलेली, त्याच्या आधी आणखी कुणी. त्या संध्याकाळपासून काकी त्याला 'मनीप्लांट' म्हणायची थांबली आणि 'तुझा कलम' म्हणायला लागली. आंब्याच्या कलमांना ती नावाने हाक मारते, तेवढा मान अजून मिळालेला नाही.

गेल्या वर्षी मुंबईचे कुणी पाहुणे शेजारच्या घरगुती लॉजवर उतरले होते. त्यातल्या बाईंनी पोफळीवरच्या मिरवेलीसमोर उभं राहून "किती छान मनीप्लांट!" म्हणून फोटो काढले आणि खऱ्या मनीप्लांटसमोर उभं राहून हे कुठलं जंगली झाड म्हणून विचारलं. काकीने दोन्ही वेळा मान डोलावली. पाहुण्यांची चूक काढायची नाही, ही तिची रीत.

अडचण आली ती नारळ काढायच्या वेळी. आमच्याकडे येणारा माणूस पायात दोरीचा फास अडकवून सरसर वर जातो. त्याने त्या माडाखाली उभं राहून वर बघितलं आणि कंबरेची कोयती काढली. पानांमुळे पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही, त्यात विंचू नाही तर सर्प असायचा, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. मी फोनवर होतो, काढून टाक म्हणालो. पलीकडून काकीचा आवाज आला, फोनवरचा नव्हे, त्या माणसाशी बोलतानाचा.

"ऱ्हवांदे. खालची पाना काढ आणि जा वर. वायच संबाळून."

मग घासाघीस झाली. त्या एका माडाचे पन्नास रुपये जास्त, असं ठरलं. मनीप्लांटच्या नावाने घरात झालेला हा पहिला आर्थिक व्यवहार. काकी फोनवर आली.

"पैशे देणारा झाड म्हणतत ना ह्येका?"

"तसा म्हणतत."

"मगे ते पन्नास तू दी."

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो. नारळ किती उतरले, किती शहाळी शेजारी गेली, वानराने किती नासवले, आणि शेवटी, पन्नास रुपये. मी लगेच पाठवतो, नाहीतर पुढच्या फोनवर ते शंभर होतात. मागच्या रविवारी बाटलीचं पाणी बदलत होतो तेव्हाच फोन आला. डाव्या हातात ठिबकणारी वेल, नवं पान नुकतंच सुरळीतून सुटत होतं, करंगळीएवढं. पैसे पाठवले आणि विचारलं, वरचं पान आता केवढं झालं?

"येवन बघ," काकी म्हणाली. "मापा घेत बसाक माका येळ नाय. सोलां वाळत घातलंय."