आर्मस्ट्राँग, त्याचं गाव आणि पाडलेली घरं

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधला बर्बन स्ट्रीट मला अजिबात आवडला नाही. नुसती गर्दी, दारूचा वास आणि प्रत्येक दारातून वेगळं गाणं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातून चालत जाऊन रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या नावाचं पार्क लागतं, ते मात्र डोक्यातून जात नाहीये.

आत एलिझाबेथ कॅटलेटने केलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात ट्रम्पेट आणि तो नेहमीचा रुमाल. तिथे मी बराच वेळ थांबले, कारण सगळं आठवत होतं. 1901 साली याच गावात गरिबीत जन्मलेला हा माणूस जगभर नाव काढतो आणि 1956 मधे याच लुइझियाना राज्यात कायदा होतो की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करायचे नाहीत. त्याच्या बँडमधे दोन्ही होते. तो म्हणाला मग मी येत नाही, आणि खरंच आला नाही, कायदे बदलल्यावर 1965 मधे परत येऊन वाजवलं. 1971 मधे गेला, आणि त्याच्या नावाचं हे पार्क झालं 1980 मधे. आपल्याकडच्या चिक चॉकलेटला 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणायचे, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला तो गोवेकर ट्रम्पेटवाला, तोही तिथे आठवलाच.

पार्कमधेच महालिया जॅक्सन थिएटर आहे, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी महालियाही इथलीच. 1973 चं थिएटर, 2005 च्या कतरिना वादळात पाणी शिरलं, 2009 मधे परत उघडलं. त्या दिवशी शो नव्हता म्हणून बाहेरूनच बघितलं. पण मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं कल्चरल सेंटर उभं करायला 1960 च्या दशकात ट्रेमे वस्तीतली काळ्या कुटुंबांची घरं पाडली, म्हणजे ज्या गल्ल्यांमधे ब्रास बँड वाजत फिरायचे त्याच गल्ल्या सपाट केल्या आणि मग तिथे संगीताचा सन्मान! मला हे पटत नाही, थिएटर कितीही चांगलं असो.

कोणी जाणार असेल तर आधी पार्कमधल्या काँगो स्क्वेअरला जा. गुलाम आफ्रिकन माणसं रविवारी तिथे जमून ढोल वाजवायची, नाचायची, बाजार भरवायची. जॅझची मुळं तिथली आहेत. पुतळा त्यानंतर बघा.