मुलीचे दूध लवकर का तुटते?

सोलापुरात बाळंतिणींशी स्तनपानाविषयी बोलण्याचे काम मी करते, त्यामुळे मुलगा आणि मुलगी यांना पाजण्यात आपल्याकडे खरोखर फरक होतो का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते. फरक होतो, पण बहुतेक लोक समजतात त्या कारणाने नव्हे.

पहिल्या काही महिन्यांत मला तो सहसा जाणवत नाही. मुलगी झाली तरी हळिवाचे लाडू होतात, बाळ रडले की पदराखाली घेतले जाते. फरक पडतो तो वर्षाच्या आसपास. पूर्व भागातील एका घरी सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि तिची मुलगी पदर ओढत होती. सासूबाईंनी नातीला उचलून घेतले, तिचे तोंड पुसले आणि सुनेला म्हणाल्या, "आता हिचं अंगावरचं तोड की गं. ही पीत असल्यावर दुसरं कधी व्हायचं?" नातीवर त्यांची माया होती, यात मला शंका नाही. घाई होती ती नातवाची.

बाळ वारंवार पीत असले की आईची पाळी लांबते आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता कमी होते, हे आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होते. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या अर्थतज्ज्ञांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये हेच मांडले: भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजले जाते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मुलगा हवा असलेले आईवडील पुढच्या गर्भधारणेसाठी मुलीचे दूध आधी थांबवतात. कुटुंबाने मनाशी ठरवलेली अपत्यांची संख्या जवळ आली, की ही तफावत सर्वाधिक दिसते.

मुलाची भूकच मोठी असते, असेही काही जणी सांगतात. मुलगे सरासरीने थोडे वजनदार असतात हे खरे, पण बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, आणि मुलीचे लवकर तोडण्याला त्यातून कोणतेही कारण मिळत नाही. उलट, दिवसांच्या खंडाने नळाला येणारे पाणी साठवून ठेवणाऱ्या आपल्या शहरात वरच्या दुधाची बाटली लवकर हाती येणे म्हणजे जुलाबाला वाट करून देणे होय.

म्हणूनच आईला दोष देणे मला मान्य नाही; दूध तोडण्याचा निर्णय अनेकदा तिचा एकटीचा नसतो. मी सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोलते. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवण्यास सांगते, आणि बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी किमान २४ महिने थांबावे, असेही तीच सांगते. हे दोन सल्ले एकत्र सांगितले की घरातील मंडळी ऐकतात, कारण थांबण्याचा लाभ पुढच्या बाळालाही मिळतो. सहा महिन्यांनंतर मात्र दिवस राहू नयेत म्हणून केवळ पाजण्यावर विसंबता येत नाही. तांबी किंवा 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आणि तरीही दिवस राहिलेच, तर त्याच दिवशी मुलीला तोडण्याची गरज नसते: गर्भारपणात काही गुंतागुंत नसेल, तर डॉक्टरांना विचारून पाजणे चालू ठेवता येते.