संत्र्याच्या बागेसाठी बंद पडलेला मिनी ट्रॅक्टर: वरूड ते परतवाडा

दिवाळी झाली, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड तोंडावर आली आणि आमच्या वरूडच्या बागेत गवत गुडघ्याला लागलं. निंदायला बाया मिळेनात. मोठा ट्रॅक्टर आत घातला की खालच्या फांद्या फळांसकट मोडतात. खोल वखरायला माझं मन घेत नाही, कारण संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्याच थरात असतात आणि जखम झाली की डिंक्या रोगाची बुरशी तिथूनच शिरते. गवत कापून तिथंच पसरवलेलं बरं.

आधी बसून चालवायचं लॉनमोवर शोधत होतो. पण ते सपाट हिरवळीचं यंत्र, काळ्या ढेकळांत त्याचं पातं टिकणार नाही. मग ठरवलं की 15 एचपीचा बंद मिनी ट्रॅक्टर घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि मागं गवत कापणारा स्लॅशर जोडायचा. गावचे मिस्त्री मामा सोबत आले. त्यांची मजुरी दिली, पण त्यांच्यामुळंच वाचलो.

पहिला मोर्शीजवळ पाहिला. इंजिन जाम होतं. नुसतं जाम असेल तर डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून डिझेल-ऑइल ओतायचं, रात्रभर ठेवायचं आणि हातानं फिरवायचं, बरेचदा सुटतं. पण याचा सायलेन्सर दोन पावसाळे उघडा होता, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन चालतो त्या नळकांड्यात, पाणी गेलेलं. वर आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, हरवलेली. सोडला.

दुसरा चांदूर बाजारकडे, नवा रंग मारलेला. मामांनी आधी इंजिनला हात लावला, तर गरम. "सकाळी थोडं वखरलं ना भाऊ," मालक म्हणाला. थंड इंजिन कसं चालू होतं हेच पाहायचं असतं, म्हणून न सांगता सकाळी लवकर जा. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट गेलं असेल नाहीतर हेडच तडकलं असेल. आरसीवर बँकेचा बोजाही होता. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय अशा सौद्यात बयाणासुद्धा देऊ नका.

रात्री आत्याकडे थांबलो. दुसऱ्या दिवशी परतवाड्याच्या अलीकडं एका वावरात कडुनिंबाखाली तिसरा दिसला. रंग उडालेला, टायर तडकलेले, पण सायलेन्सरवर डबा पालथा घातलेला. ज्यानं एवढं केलं त्यानं गाडी जपली असणार, असं मला तिथंच वाटलं. सेल मारला तर नुसती खटखट. शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून चालू केला. निळा धूर, इंजिनच्या ब्रीदरच्या नळीतून भकाभका वाफा, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. मी हिरमुसलो, मामा मात्र खूश. त्यांचं म्हणणं, बोअर-पिस्टन कुठंही मिळतो, गिअरबॉक्सचा खर्च मात्र कंबर मोडतो. गिअर ऑइल थोडं तळहातावर घेतलं, चमकणारा कीस नव्हता, म्हणजे गिअर शाबूत. लिफ्टवर वखर चढवला, दोघं त्यावर उभे राहिले, इंजिन बंद केलं. दहा मिनिटांत वखर जागचा हलला नाही, म्हणजे लिफ्ट धड. स्लॅशर फिरवणारा मागचा दांडा, पीटीओ, तोही फिरला. समोरच्या चाकांत खेळ होता, तो दाखवून भाव पाडला.

मागणी 90 हजारांची, सौदा 68 हजारांवर तुटला. बोअर-पिस्टन, रिंगा, नोझल, बॅटरी आणि मजुरी मिळून 31 हजार लागले. पुढचे टायर अजून बाकी आहेत.

आणताना छोटा हत्ती ठरवू नका, या यंत्राचं वजन आठ क्विंटलच्या घरात जातं. मोठी पिकअप घ्या. चढवायला आम्ही ती उंच धुऱ्याला (बांधाला) मागं लावली, फळ्या टाकल्या आणि ट्रॅक्टर ढकलत आत घेतला. बागेत स्लॅशर फिरवण्याआधी ठिबकच्या नळ्या उचलून झाडाच्या ओळीत सरकवा. मी एक विसरलो आणि तिचे तुकडे झाले.

कागदांचं म्हणाल तर गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या जागेवरच घ्या. वरूड आणि परतवाडा दोन्ही अमरावती जिल्ह्यात, गाडी एमएच 27 चीच, म्हणून आरटीओच्या एनओसीची गरज पडली नाही. नागपूर-वर्ध्याकडून आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते का, ते आधी विचारा. मी दहा हजार रुपये आरसी नावावर होईपर्यंत मागं ठेवले होते आणि मालकानंही ते आनंदानं मान्य केलं.