पोटमाळ्यावरची रेगे: जुनी रीळ वाजवण्याआधी

म्युझिकल यूथ या रेगे, म्हणजे जमैकन धाटणीच्या संगीताच्या, बँडचं नाव आपल्याकडे कुणाला आठवलंच, तर १९८२च्या 'पास द डची'मुळे. डची म्हणजे जमैकन घरातलं जाड बुडाचं पातेलं. हे गाणं इंग्लंडात तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅमच्या या शाळकरी पोरांची पहिली तबकडी ०२१ रेकॉर्ड्स या स्थानिक लेबलवर निघाली होती. ०२१ हा तेव्हाचा शहराचा फोन कोड. त्या दिवसांत मुख्य गायक होते बँडमधल्या वेट बंधूंचे वडील फ्रेडरिक वेट. डेनिस सीटन नंतर आला. आम्हाला तो सुरुवातीचा, कमी घासलेला आवाजच जास्त प्रिय आहे.

त्या काळातली अशी एखादी रीळ इथे ब्रिटनमध्ये पोटमाळ्यावर सापडली, की लगेच लावून ऐकायचा मोह होतो. तो आवरा. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या अनेक फितींत, अँपेक्स ४५६ या स्टुडिओंतल्या फितीत तर हमखास, चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकटा हवेतला ओलावा शोषून विरघळतो. फीत मशीनवर किंचाळते, फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राळ साचते, आणि त्या राळेबरोबर गाणंही खरवडून निघतं.

उपाय आहे भाजणं. पाव इंची फितीला ५४ अंश सेल्सियसवर साधारण आठ तास, अधूनमधून रीळ उलटत. गॅसची भट्टी किंवा मायक्रोवेव्ह चालत नाही. फळं सुकवायचं यंत्र चालतं, पण त्याच्या आकड्यावर न विसंबता आत वेगळा थर्मामीटर ठेवा. भाजल्यावर तितकाच वेळ थंड होऊ द्या आणि पुढच्या काही आठवड्यांत काम उरका, कारण ओलावा परत शिरतो. भाजण्याआधी रीळ गुंडाळू नका, थर सुटून येतो. आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसणारी जुनी अ‍ॅसिटेट फीत असेल, तर ती मुळीच भाजायची नाही.

उष्णतेने जोडांचा गोंद सुकतो, तेव्हा सुटलेले जोड नव्या स्प्लायसिंग टेपने लावा. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, फितीच्या सुरुवातीला मुद्दाम भरलेल्या चाचणीच्या टोनवर जुळवा. टोन नसेल तर हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांजांची जोडी, सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबा.

रेगेत सर्वाधिक घात होतो तो इक्वलायझेशनमध्ये, म्हणजे मुद्रण करताना आणि वाजवताना खर्ज-तीव्र सुरांचं प्रमाण बदलण्याच्या ठरावीक पद्धतीत. ब्रिटिश स्टुडिओंत सेकंदाला १५ इंच वेगावर बहुधा आयईसी हे मानक वापरायचे. अशी फीत एनएबी या अमेरिकन मानकावर वाजवली तर ५० हर्ट्झला सुमारे ३ डेसिबल बेस गळतो आणि झांजा टोचतात. बेस पातळ झालेली रेगे म्हणजे फोडणीविना आमटी. डब्यावर लिहिलेलं आधी वाचा, मगच संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलवर नाही.

प्रकाशित करायचं असेल तर हक्क तपासा. ब्रिटनच्या कायद्याने अप्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रणाच्या वर्षानंतर ५० वर्षं टिकतो, पण ऑगस्ट १९८९च्या आधीच्या, म्हणजे १९८१च्याही, अप्रकाशित मुद्रणाचा २०३९च्या अखेरीपर्यंत. त्या मुदतीत ते प्रसिद्ध झालं, तर तिथून पुढे ७० वर्षं. गीत-संगीताचे आणि वादकांचे हक्क वेगळे, आणि तेव्हा वादक अल्पवयीन होते, म्हणून जुना करारनामा वकिलाला दाखवूनच पुढे जा.